सवाईला जाताना



मी सातवी शिकलेली. मला राग ओळखता येत नाहीत. तरी गेल्या डिसेंबरात आम्ही तिघी पुण्याला मुकुंदनगरात सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव ऐकून आलो. पं. भीमसेन जोशींनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ 1953 साली हा उत्सव सुरू केला. पूर्वी गाणे रात्रभर चाले. घरच्या बाईला ते कुठले जमायला? आता दुपारी सुरू होते आणि बहुतेक दिवशी रात्री 10 पर्यंत आटोपते.

माझ्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. त्यांच्याजवळ शेजारच्या वहिनी बसल्या. दुसऱ्या दिवशी वहिनी गेल्या, मी त्यांची मुले सांभाळली. दुपारीच भाकऱ्या थापल्या, थंडीसाठी शाल घेतली आणि बस गाठली. भारतीय बैठकीवर जागा मिळाली. तंबोरे जुळले, गायिकेने षड्ज लावला आणि माझे डोळे भरून आले. कितीतरी दिवसांत मी अशी स्वस्थ बसलेच नव्हते.

भगिनींनो, गाणे ऐकायला शास्त्र यावे लागत नाही, सवड लागते. ती आपणच एकमेकींना देऊ शकतो. यंदा कोणाच्या घरी कोण बसणार, त्या पाळ्या आजच ठरवू या. पहिली पाळी माझी धरा.