आधी बोरू, मग व्याकरण

अध्यक्ष महाराज, आणि मे महिन्यात आंब्याच्या अढ्या घरी सोडून इथे आलेल्या पनवेलकरांनो,

पत्रिकेत माझा विषय ‘परदेशातील अरबी अध्ययन’ असा छापलाय. तो संयोजकांचा विषय. माझं म्हणणं एवढंच, की परकी भाषा तोंडाने शिकायला घेऊ नये, हाताने घ्यावी. आधी बोरू, मग व्याकरण. हेच आता तासभर निरनिराळ्या तऱ्हेने सांगणार आहे. (हशा)

अरबांचं आणि कोकणचं नातं मी तुम्हाला काय सांगणार! दहाव्या शतकात अरब प्रवासी अल् मसूदी चौलला येऊन गेला, चिंचणीच्या ताम्रपटात राष्ट्रकूटांचा संजाणचा अरब अधिकारी भेटतो, हे सगळं तुमच्या कानावरून गेलेलं आहे. फक्त एडनपाशी क्षणभर थांबते. शिरढोणच्या क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडक्यांना काळ्या पाण्यासाठी तिकडे का नेलं? तर एडन तेव्हा मुंबई इलाख्यात होतं, पार १९३२ पर्यंत. १३ फेब्रुवारी १८८३ ला ते तुरुंगाचं दार बिजागऱ्यांसकट उखडून पळाले, पुन्हा पकडले गेले आणि १७ तारखेला गेले, हे इथल्या शाळकरी पोरालाही येतं. मला भलतंच काही छळतं. पुण्याच्या लष्करी हिशेबाच्या कचेरीत कारकुनी केलेला, अक्षरावर पोट भरलेला हा माणूस. बाहेर पडल्यावर वाट विचारायची वेळ आली असती, तर ती कुणाला आणि कोणत्या भाषेत विचारली असती? तीन वर्षांत त्या कानांवर अरबी किती पडली असेल? पहारेकऱ्यांची भाषा कोणती होती? आणि तिथल्या दप्तरात मुंबईहून गेलेले कारकून... असो. अध्यक्षांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलंय. कैरोला जाऊ.

मी कैरोला भाषा शिकायला गेले. वर्गात शिकवत ती ग्रंथांची, बातम्यांची अरबी. ती भाजीवाल्याला ऐकवली की तो रेडिओ लागल्यासारखा स्तब्ध उभा राही. तिथे ‘ज’चा ‘ग’ होतो आणि घशातला ‘क’ गिळून टाकतात. कलम मागायला जावं, तर दुकानदार ‘अलम’ म्हणतो. मोरोक्कोचा आणि इराकचा माणूस आपापल्या घरच्या बोलीत बोलू लागले तर अडखळतात. लिहिलेलं मात्र दोघांचं एकच. मग पाया कशावर घालायचा? बोलीवर घातला तर प्रत्येक विमानतळावर नवा घालावा लागेल!

त्यातही छापील अक्षर येऊन भागत नाही. केळ्यांच्या ढिगावर पुठ्ठा खोचलेला असतो, तो रुकआ नावाच्या रोजच्या धावत्या वळणात. त्यात अक्षराखालच्या दोन ठिपक्यांची एक आडवी रेघ होते. आकड्यांची तर बहारच. त्यांचा पाच म्हणजे हुबेहूब आपलं शून्य, आणि शून्य म्हणजे नुसता ठिपका. आपला माणूस पंधराचा भाव दहा वाचतो आणि वर भांडतो. (हशा) शिवाय या आकड्यांना ते लोक ‘हिंदी आकडे’ म्हणतात. तक्रार करायलाही जागा नाही.

तेव्हा मी सुलेखनाच्या उस्तादांकडे गेले. त्यांनी पहिले कित्येक दिवस अक्षर काढूच दिलं नाही. बोरू तासायला लावला. पोटाकडून लांब उतरता काप, दोन्ही बाजू निमुळत्या, मधोमध चीर, मग हाडाच्या पट्टीवर टोक टेकवून तिरका घाव. ‘टक्’ असा एकच आवाज आला पाहिजे. दोन आले की नवा बोरू. दौतीत कच्च्या रेशमाचा बोळा, म्हणजे टोक बुडाशी आपटत नाही आणि शाई बेतानेच लागते. आणि मग नुक्ता, बोरूच्या रुंदीचा तिरपा चौकोन. अलिफ किती उंच, बे किती लांब, सगळं या नुक्त्यांनी मोजायचं. हे गणित बगदादचा वजीर इब्न मुकला याने दहाव्या शतकात बसवलं असं मानतात. राजकारणात त्याचा उजवा हात तोडला गेला. थोट्या हाताला बोरू बांधून तो लिहीत राहिला, असं सांगतात.

यातून भाषा कशी येते? अरबीची सहा अक्षरं पुढच्या अक्षराला हात देत नाहीत. तिथे बोरू उचलावाच लागतो, आणि तो थांबा बोटांना पाठ होतो. ऱ्हस्व स्वर तर लिहीतच नाहीत. उरतो व्यंजनांचा सांगाडा. क-त-ब ही तीन अक्षरं मी लेखक लिहिताना गिरवली, पत्र लिहिताना गिरवली, कचेरी लिहिताना गिरवली. धातूंचा तक्ता पुढे वर्गात आला, तेव्हा हाताला तो आधीच ठाऊक होता.

तिसऱ्या रांगेतले काका मघापासून हात वर करताहेत. बोला. ... काका म्हणतात, त्यांचा भाऊ कुवेतमध्ये एक अक्षर न ओळखता फाडफाड अरबी बोलायचा. (टाळ्या) वाजवा, वाजवा! बोलत असेल हो, मी नाही कुठे म्हणते? पण आखातात नोकरीच्या कराराच्या इंग्रजी आणि अरबी मजकुरात फरक निघाला, तर सहसा अरबी मजकूरच खरा धरतात. भावाने सही कशावर केली होती, तेवढं विचारा.

मागून एक ताई म्हणताहेत की मोहल्ल्यातली मुलं ‘नूरानी कायदा’ नावाच्या अंकलिपीवरून अक्षरं शिकून कुराण वाचतात, अर्थ मात्र कळत नाही. मग अक्षराने काय साधलं? हा प्रश्न काकांपेक्षा अवघड आहे. माझं उत्तर असं, की तिथे अक्षर डोळ्याला आणि जिभेला मिळालं, हाताला नाही. पटलं नाही ना? तुमच्या चेहऱ्यावर दिसतंय. पण मी हट्ट सोडणार नाही.

चिठ्ठी आली. ‘पाच मिनिटे’. मोडीवर बोलायचं राहिलंच की! भरभर सांगते. १९२२ साली कैरोत राजाश्रयाने सुलेखनाची शाळा निघाली, इस्तंबूलहून उस्ताद आणवले. १९२८ साली तुर्कस्तानने अरबी लिपीच सोडली. आपण मोडी तशी कायद्याने बंद केली नाही. छापखान्याला बाळबोध सोयीची पडली आणि आपण बोरू माळ्यावर टाकला. आज दप्तरखान्यांत मोडीचे रुमाल पडून आहेत आणि वाचणारे शोधावे लागतात. मोडीचा वर्ग काढायचा तर तोही बोरू तासण्यापासूनच काढा, तक्त्यापासून नको, एवढं संयोजकांना जाता जाता.

दुसरी चिठ्ठी. थांबते. बाहेरच्या टेबलावर बोरू, चाकू आणि दौती मांडल्या आहेत. डावखुऱ्यांसाठी उलट्या कापाचे वेगळे ठेवलेत. शाई काजळीची आहे, डाग जात नाही. बाह्या सावरून या. काका, तुम्ही आधी.