स्टो पेटवताना : आधी ऊब, मग पंप

(मुंबई उपनगर जिल्ह्याच्या बैठकीतील भाषण)



मुंबई उपनगर हा जिल्हा १ ऑक्टोबर १९९० रोजी वेगळा झाला. या जिल्ह्यात नांगर धरणारे हात थोडे, नांगर सोडून आलेले हात फार. घाटकोपरची असल्फ्याची टेकडी घ्या, अंधेरीचा साकीनाका घ्या, मुलुंड-बोरिवलीच्या चाळी घ्या. शेती परवडेना म्हणून गाव सोडलेली आमची पोरं एका खोलीत पाच-पाच, सात-सात राहतात. गॅसची जोडणी एकाच्या नावावर, नाहीतर कुणाच्याच नाही. सिलिंडर संपला की कोपऱ्यातला पितळी स्टो पुढे ओढला जातो. रोज वापरात नसलेला स्टो जास्त धोक्याचा, कारण तो पेटवायची रीत हात विसरलेला असतो. म्हणून आज शेतमालाच्या भावाचा विषय बाजूला ठेवून आम्ही स्टोबद्दल बोलणार आहोत.

स्टो समजायला शिकलेला माणूस लागत नाही. फवारणीचा पंप पाठीवर घेतलेला प्रत्येक जण तो समजू शकतो. तिथे टाकी, पंप, वॉशर, नोझल, इथेही तेच. फरक एकच, आणि सगळा जीव त्या फरकात आहे. फवारणीच्या पंपातून पातळ औषध बाहेर पडावे लागते. स्टोच्या नोझलमधून पातळ रॉकेल बाहेर पडताच कामा नये; तिथून रॉकेलची वाफ निघाली पाहिजे. वाफ कधी होते? बर्नर तापलेला असेल तेव्हा. थंड बर्नरवर पंप मारला की रॉकेलची पिचकारी उडते, ती पेट घेते, आणि छताला लागणारी पिवळी ज्वाळा उठते. लोक म्हणतात, स्टो भडकला. तो आपण होऊन भडकत नाही. आधी ऊब द्यायची, मग पंप मारायचा, हा क्रम उलटा झालेला असतो.

आता रीत सांगतो. स्टो सपाट जमिनीवर ठेवा, दार उघडे ठेवा. दोरीवर वाळत घातलेल्या साड्या आणि टॉवेल आधी काढा. नायलॉनचा पदर सोडून स्टोपाशी बसू नका. पदर खोचा, सुती कपडा घाला. शेजारी मातीची किंवा वाळूची बादली आणि ओले गोणपाट असू द्या.

रॉकेल भरायचे ते स्टो पूर्ण थंड असताना, दिवा-विडी लांब ठेवून, नरसाळे आणि गाळणी लावून. टाकी पाऊण भरा. वरची जागा हवेसाठी आहे. सांडलेले पुसून घ्या. रेशनचे निळे रॉकेल आता पूर्वीसारखे मिळत नाही, म्हणून लोक सुटे विकत घेतात. त्यात पेट्रोल मिसळलेले असेल तर टाकीतच वाफ धरते. वासात पेट्रोलचा भपकारा आला, तर चार पैसे गेले म्हणा, पण ते तेल स्टोत घालू नका.

मग हवेची चावी उघडी ठेवा, म्हणजे टाकीत दाब राहणार नाही. स्टो थंड असतानाच तोंड बाजूला ठेवून नोझलमध्ये पिन घाला. काकडा भिजवून बर्नरला लावा आणि पेटवा. काकडा विझत आला की चावी बंद करा आणि पंपाचे दोन-चार हलके हात मारा. निळी ज्योत आणि एकसारखा घरघर आवाज आला की मग हवा तेवढा पंप मारा. ज्योत पिवळी झाली, तेल थुंकू लागले, तर पंप मारू नका. चावी उघडा, हवा जाऊ द्या, स्टो थंड होऊ द्या आणि पहिल्यापासून सुरुवात करा. पाच मिनिटे जातील, जातील तर जाऊ द्या.

पेटत्या किंवा गरम स्टोत रॉकेल ओतायचे नाही, भाजी अर्धी कच्ची राहिली तरी नाही. थंडीत स्टो पेटता ठेवून दार लावून झोपायचे नाही; बंद खोलीत होणाऱ्या विषारी वायूला वास नसतो. गावाकडून रॉकेलचा डबा लोकलमध्ये किंवा गाडीत आणायचा नाही. रेल्वे कायद्यानेही तो गुन्हा आहे.

एवढे करूनही आग लागलीच, तर पेटता स्टो उचलून पळू नका. रॉकेलवर पाणी टाकू नका. रॉकेल पाण्यावर तरंगते आणि आग पसरवते. माती टाका, गोणपाट टाका. कपडे पेटले तर पळायचे नाही. जमिनीवर लोळायचे, दुसऱ्याने घोंगडी गुंडाळायची. मग भाजलेल्या जागी वीस मिनिटे साधे वाहते पाणी. हळद, शाई, टूथपेस्ट काही नको. १०८ ला फोन करा. मुलुंडहून खाडीपूल ओलांडला की ऐरोलीला भाजलेल्यांवर उपचार करणारे नॅशनल बर्न्स सेंटर आहे, हे लक्षात ठेवा.

मायबहिणींनो, एक गोष्ट खास तुमच्यासाठी. कितीतरी सुना जळाल्या आणि कागदावर एवढेच आले : ‘स्टोचा भडका’. लग्नाला सात वर्षे झालेली नसताना बाई संशयास्पद रीतीने मेली तर चौकशी झालीच पाहिजे, ही तरतूद १९८३ साली कायद्यात आली. हुंडाबळी हा वेगळा गुन्हा १९८६ साली ठरला. आजच्या न्याय संहितेत तो कलम ८० मध्ये आहे. पण कायदा पंचनाम्यावर चालतो, आणि पंच म्हणून उभी राहणारी तुमच्या-आमच्यातलीच माणसे असतात. त्यांना स्टो कळत असेल तर ती विचारतील : टाकीत तेल किती होते? चावी उघडी होती की बंद? काकडा कुठे आहे? टाकी फुटली आहे की नुसती काळी पडली आहे? स्टो धड, भिंत स्वच्छ, आणि बाई डोक्यापासून पायापर्यंत जळालेली, हे कसे?

म्हणजे ही रीत शिकल्याने दोन कामे होतात. जिवंत माणूस वाचतो, आणि मेलेल्या लेकीच्या माथी हलगर्जीपणाचा खोटा दोष मारता येत नाही. इथून परत गेल्यावर आपल्या खोलीतला स्टो काढा, वॉशरला तेल द्या, पिन तपासा. आणि गावाहून नव्याने आलेल्या पोराला तो स्वतः पेटवून दाखवा.