गवत आणि गवत खाणारे

बंगळूरच्या शिवाजीनगरात, १९३३ साली खुल्या झालेल्या रसेल मार्केटभोवती भाजीचा बाजार ओसरला, की मागे उरतो तो पाल्याचा ढीग. अशा ढिगाशी एखादी शेळी येऊन उभी राहिली, की विक्रेता तिला हाकलून लावतो. चरणारे जनावर म्हणजे हिरवाईचा वैरी, ही समजूत त्या हाकलण्यामागे असते. ही समजूत एका जुडीपुरती खरी. माळरानाच्या बाबतीत ती तितकी खरी नाही.

याचे कारण गवताच्या घडणीतच आहे. झाडाच्या रोपाचा वाढीचा कोंब शेंड्याला असतो. तो खुडला गेला, की रोप खुरटते. गवताचा कोंब मात्र जमिनीलगत, बुडख्यापाशी असतो. वरची पाती खाल्ली गेली तरी ते पुन्हा फुटते. म्हणून जेथे जनावरे बेताने चरतात, तेथे झाडोऱ्याला आळा बसतो आणि गवताला मोकळा प्रकाश मिळतो. शिवाय जे खाल्ले, त्यातील बराच अंश शेणामुताच्या रूपाने मातीत परत जातो. महाराष्ट्रातील शेतकरी धनगराला धान्य किंवा पैसे देऊन आपल्या रानात मेंढ्या बसवून घेतो, तो याच हिशेबाने.

म्हैसूरच्या राज्यकर्त्यांना हे व्यवहारज्ञान फार पूर्वीपासून होते. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात चिक्कदेवराज वोडेयर यांनी गुरांचे एक खाते उभारले. त्याचे नाव ‘बेण्णे चावडी’, म्हणजे लोण्याची चावडी. टिपू सुलतानाने त्याला ‘अमृत महाल’ हे नाव दिले. तोफा ओढणारे चपळ बैल पुरविणे हे त्याचे मुख्य काम होते. या गुरांसाठी जी राखीव कुरणे होती, त्यांना ‘कावल’ म्हणत. उन्हाळ्याची कावले निराळी, पावसाळ्याची निराळी आणि हिवाळ्याची निराळी. ऋतू पालटला की कळप हलत आणि मागच्या गवताला विसावा मिळे. तोफा ओढण्याचे काम संपले, राज्येही बदलली. परंतु जेथे कावले टिकली, तेथे गुरांबरोबर काळवीट आणि लांडगाही टिकून राहिले. बैलांसाठी राखलेले रान असे इतरांचेही घर झाले.

चरणारे प्राणी नाहीसे झाले तर काय होते, याचा दाखला मात्र दूर आफ्रिकेत मिळतो. शिवाजीनगराच्या उत्तरेस काही मैलांवर हेब्बाळ आहे. तेथे १९२५ साली एक संस्था स्थापन झाली, ती बुळकांडीवर गुणकारी रक्तद्रव तयार करण्यासाठी. गावेच्या गावे गुरांवाचून ओस पाडणारा हा रोग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आशियातून आफ्रिकेत पोचला आणि तेथील गुरांबरोबर रानटी कळपांचाही त्याने फडशा पाडला. टांझानियातील सेरेंगेटीच्या मैदानावर विल्डबीस्ट नावाच्या हरिणांची संख्या १९६१ च्या सुमारास सुमारे अडीच लाख होती. मग भोवतालच्या गुरांना लस टोचली गेली. रोग हटला आणि १९७७ पर्यंत तीच संख्या तेरा लाखांच्या पुढे गेली.

आता इतकी तोंडे वाढल्यावर मैदान उजाड व्हावे, असे कोणालाही वाटेल. घडले ते उलटे. पूर्वी न खाल्लेले गवत वाळून उन्हाळ्यात पेट घेई आणि त्या वणव्यात झाडांची रोपे जळून जात. कळप वाढले, तसे वाळके गवत कमी उरले आणि वणवेही कमी झाले. परिणामी झाडे वाढू लागली. गुरांच्या दंडात टोचलेल्या सुईने वृक्षांची संख्या वाढविली! भारत २००६ मध्ये आणि सारे जग २०११ मध्ये बुळकांडीपासून मुक्त झाल्याचे जाहीर झाले.

अर्थात, चरणे सदैव हितकारक असते, असा याचा अर्थ नव्हे. एकाच जागी कळप कोंडला, की गवताच्या मुळ्या दुबळ्या होतात, अखाद्य झुडपे तेवढी उरतात आणि पहिल्या वळवाबरोबर माती वाहून जाते. गुरे आणि शेळ्या वेड्या बाभळीच्या शेंगा आवडीने खातात आणि तिचे बी लेंडी-शेणातून माळभर पेरतात. हित आणि अहित यांमधली रेषा जनावराच्या दातात नसून त्याच्या पावलात आहे. ते चालते राहिले पाहिजे आणि चालण्यास वाट मोकळी पाहिजे.

ही वाटच आज अरुंद होत आहे. चित्रदुर्ग जिल्ह्यातील चळ्ळकेरे तालुक्यात अमृत महालाच्या कावलांपैकी सुमारे दहा हजार एकर जमीन संरक्षण, अणुशक्ती, अवकाश आणि विज्ञान यांच्या संस्थांना देण्यात आली. त्या माळावर मेंढ्या चारून घोंगड्या विणणारी गावे न्याय मागण्यास उभी राहिली. संस्थांची गरज खोटी नाही; परंतु जमीन देताना जी ओसाड दिसली, ती ओसाड नव्हती. तिच्यावर झाडे नव्हती, एवढेच.

माळरान हे उणे पडलेले जंगल नव्हे. गवत, गवत खाणारा प्राणी आणि त्याला पुढे हाकणारा माणूस यांनी ते राखलेले असते. या तिघांपैकी एकाला दूर केले, की उरलेल्या दोघांचाही संसार मोडतो.