लॉग बदलला की सिस्टिम?

एकदा आमच्या टीमने सर्व्हरच्या लॉगचा फॉरमॅट बदलला आणि दुसऱ्या दिवशी एरर एकदम वाढल्या. तातडीची मीटिंग, धावपळ! शेवटी कळलं, एरर आधीही येतच होत्या, फक्त नोंदल्या जात नव्हत्या.

इतिहासातही सेम असाच वाद आहे. फ्रान्समधल्या बर्गंडीत क्लूनी नावाचा मठ होता. इ.स. ९१० च्या सुमारास अ‍ॅक्विटेनचा ड्यूक विल्यम याने तिथली जमीन संत पीटर आणि संत पॉल यांच्या नावे केली. दानपत्रात सरळ लिहिलंय, मठाच्या मालमत्तेला कुणी हात लावायचा नाही, अगदी पोपनेसुद्धा. लावला तर शाप, वर १०० पौंड सोन्याचा दंड!

पुढे मठात अशी हजारो पत्रं जमली. शेत कुणी दिलं, साक्षीला कोण, निवाडा कुणी केला, सगळं त्यात. १९५३ साली जॉर्ज दुबी या इतिहासकाराने त्यावरून भोवतालच्या माकोने प्रदेशाचं चित्र उभं केलं. त्यांचं म्हणणं, इ.स. १००० च्या आगेमागे बडी मंडळी काउंटच्या न्यायसभेकडे फिरकेनाशी झाली आणि किल्ले सांभाळणारे सरदारच आपापल्या भागाचे धनी बनले.

१९९० च्या दशकात दोमिनिक बार्तेलेमी यांनी, व्हाँदोम भागाचे कागद वाचून, विचारलं: समाज बदलला, की लिहायची पद्धत? आधीची पत्रं ठरावीक साच्यातली. अकराव्या शतकात मठवासी मोकळेपणाने, गोष्ट सांगितल्यासारखं लिहायला लागले, मग भांडणंही जास्त दिसायला लागली.

आणि लिहिणारे कोण? मठवासीच! वडिलांनी दिलेल्या जमिनीवर मुलाने हक्क सांगितला की तो 'दुष्ट'. मग तडजोड, थोडे पैसे, पुन्हा दान. बार्बरा रोझेनवाइन यांनी १९८९ च्या पुस्तकात दाखवलंय की या देण्याघेण्यातूनच सरदार घराणी मठाशी नातं टिकवत होती.

मला विचाराल तर दुबी पूर्ण चुकले नाहीत. भांडण कसं रंगवायचं ते लिहिणाऱ्याच्या हातात, पण साक्षीदारांची नावं मला जास्त भरवशाची वाटतात. कोण कुणाच्या बाजूला उभा होता, ते तिथे कळतं.

नावं अर्थात सगळ्यांची नाहीत. विल्यमच्या त्याच दानपत्रात द्राक्षमळे, कुरणं, जंगल, पाणी यांच्या यादीत जमिनीबरोबर दिलेली राबणारी माणसंही आहेत. तिथे नुसतं 'दोन्ही लिंगांचे दास' एवढंच लिहिलंय.