उंच उडणाऱ्या कबुतरांची पैदास व शिकवण
(अवसरी बुद्रुक, ता. आंबेगाव येथे शेतकऱ्यांपुढे केलेले भाषण)



मी पिकांचा विषय शिकवतो. पण आज बोलणार आहे ढाबळीवर. बियाण्याचा नियम येथेही लागू पडतो. आपण भरलेले कणीस पाहून बी राखतो. कबुतरांची जोडी लावताना मात्र पुष्कळजण रंगालाच भुलतात. जे नर-मादी तासन् तास आभाळात टिकतात व आपल्याच ढाबळीवर उतरतात, त्यांचीच जोडी लावावी. पायात क्रमांकाची कडी घालून प्रत्येकाच्या उड्डाणाची वेळ वहीत टिपावी.

मादी बहुधा दोन अंडी घालते. नर-मादी आळीपाळीने ती उबवतात व सुमारे १८ दिवसांत पिल्ले बाहेर येतात. पहिले काही दिवस दोघेही आपल्या अन्नपिशवीत तयार होणारे दुधासारखे द्रव्य पिल्लांना भरवतात. म्हणून पिल्ले लहान असताना आईबापांना उडवू नये.

पिल्ले स्वतः दाणे टिपू लागली की सायंकाळच्या दाण्याआधी, भुकेल्या पोटी, ढाबळीच्या छतावर बसवावीत. शीळ घालून दाणा टाकावा. शिळेवर आत येऊ लागल्यावरच त्यांना जाणत्या पक्ष्यांबरोबर सकाळी सोडावे व वेळ हळूहळू वाढवावा. मोठ्या पक्ष्याला दिवसाला सुमारे ३० ग्रॅम दाणा पुरतो. उडवण्यापूर्वी थोडी ज्वारी-बाजरी, उतरल्यावर आधी पाणी व नंतर कडधान्य मिसळलेला दाणा द्यावा.

विद्यार्थी असताना माझ्या हातून एक चूक घडली. नराच्या पंखाची टोकाची पिसे गळून नवी येत होती, आभाळही भरलेले होते. तरी हौसेपोटी मी त्याला सोडले. तो परतला नाही. घरट्यात दोन पिल्ले होती. एकट्या मादीला एकच जगवता आले. तेव्हापासून पीसगळीत व ढगाळ हवेत मी पक्षी उडवत नाही.

संक्रांतीच्या सुमारासही पक्षी आतच ठेवावेत. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१७ साली नायलॉन मांजावर बंदी घातली, तरी तो धागा अजून पंख कापतो.

शेवटची गोष्ट कोंबडीपालकांसाठी. मानमोडीच्या विषाणूचा एक प्रकार कबुतरांतही आढळतो. ढाबळ शेडपासून दूर ठेवावी, भांडी वेगळी असावीत आणि मान वाकडी झालेला पक्षी दिसताच त्याला वेगळा करून पशुवैद्यकांना दाखवावे. हौस जरूर करावी, पण तिची किंमत मुक्या जिवाने किंवा शेजाऱ्याच्या शेडने मोजू नये, एवढीच विनंती.