फ्रेझर नदीचा सॅमन आणि शास्त्रज्ञांचा सल्ला



कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, व्हँकुव्हरजवळ, फ्रेझर नदी समुद्राला मिळते. सॉकआय जातीचा सॅमन या नदीच्या खोऱ्यात जन्मतो, समुद्रात वाढतो आणि साधारण चौथ्या वर्षी अंडी घालायला आपल्याच ओढ्यात परततो. तिथल्या मूळनिवासी समाजांचे पोट आणि त्यांचे सणवार या माशाशी बांधलेले आहेत. 2009 साली एक कोटीहून जास्त मासे येतील, असा सरकारी अंदाज होता. आले पंधरा लाखांच्या आसपास. पंतप्रधान स्टीफन हार्पर यांच्या सरकारने मग न्यायमूर्ती ब्रूस कोहेन यांचा चौकशी आयोग नेमला.

आयोगाचे काम चालू असताना, जानेवारी 2011 मध्ये, सरकारच्या मत्स्यविभागाच्याच शास्त्रज्ञ क्रिस्टी मिलर यांचे संशोधन ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. अंडी घालण्याआधीच मरणाऱ्या माशांच्या जनुकांत एक विशिष्ट खूण आढळते आणि तिच्यामागे विषाणू असू शकेल, असे त्यांनी मांडले. पत्रकारांना त्यांच्याशी बोलायचे होते, पण वरून परवानगी आली नाही. चौकशी चालू आहे, हे कारण देण्यात आले. ऑगस्टमध्ये त्या आयोगापुढे साक्षीला आल्या, तेव्हा कुठे लोकांना त्यांचे म्हणणे त्यांच्याच तोंडून ऐकता आले. संशोधन छापून झालेले, खर्च जनतेचा. मग त्यावर बोलायला बंदी का? मला हे मुळीच पटत नाही.

मासे का घटले, हे कोडे सोपे नव्हते, हेही खरे. 2010 मध्ये जवळजवळ तीन कोटी सॉकआय परतले! ऑक्टोबर 2012 मध्ये 75 शिफारशी करताना कोहेन यांनीही कुणा एकावर बोट ठेवले नाही. पण वन्य सॅमन राखणाऱ्या खात्याकडेच पिंजऱ्यातल्या सॅमनशेतीला उत्तेजन देण्याचे कामही असू नये, हे त्यांनी स्पष्ट सांगितले. समुद्राकडे जाणाऱ्या पिलांच्या वाटेवर डिस्कव्हरी बेटांजवळ असे पिंजरे होते. त्यांचा सॉकआयला असलेला धोका अगदी किरकोळ आहे, अशी मत्स्यमंत्र्यांची खात्री पटली नाही, तर 30 सप्टेंबर 2020 पर्यंत ते बंद करा, असेही त्यांनी सुचवले. म्हणजे संशयाचा फायदा माशाला, धंद्याला नव्हे. अहवालातले हे मला सर्वांत मोलाचे वाटते.

मुदत संपता संपता विभागाने नऊ रोगकारकांचा अभ्यास पुढे केला आणि धोका किरकोळ असल्याचे जाहीर केले. पिलांना चिकटणाऱ्या समुद्री उवा त्या नऊंत नव्हत्याच. डिसेंबरमध्ये मंत्र्यांनी पिंजरे उठवायचे ठरवले, तो निर्णय न्यायालयात टिकला नाही. अखेर फेब्रुवारी 2023 मध्ये तिथल्या 15 परवान्यांचे नूतनीकरण नाकारले गेले. तोवर अहवालानंतर सॉकआयच्या जवळजवळ तीन पिढ्या होऊन गेल्या.

म्हणून शास्त्रज्ञांचा सल्ला मंत्र्यांच्या टेबलावर जाईल, त्याच दिवशी तो लोकांनाही वाचायला मिळाला पाहिजे. तो मानायचा नसेल तर मंत्र्यांनी जरूर नाकारावा, पण कारणे लेखी द्यावीत आणि खाली सही करावी.