मोठे विमान आणि घरचे ताट

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेले भाषण)



आम्ही काही वैमानिक नव्हे. बी. ए. होऊन केंद्र सरकारच्या सेवेत शिरलो आणि बदलीच्या हुकुमांबरोबर गावोगाव फिरलो, एवढाच आमचा प्रवासाचा अनुभव. तरीही हा विषय निवडला, त्याचे कारण घरगुती आहे. आमचा भाचा सत्तर आसनांच्या एटीआर विमानावर वैमानिक आहे. गेल्या दिवाळीत त्याने विचारले, "मामा, लांब पल्ल्याच्या मोठ्या विमानावर जाण्याची संधी आली आहे. पगार वाढेल, मानही वाढेल. पण मुलगी अडीच वर्षांची आहे. तुम्ही काय केले असते?" उत्तर देण्यापूर्वी आम्ही त्याच्याकडून त्याचा व्यवसाय समजून घेतला.

परवाना मिळाला म्हणजे कोणतेही विमान चालविण्याची मुभा मिळाली, असे नसते. प्रत्येक जातीच्या विमानाचे शिक्षण वेगळे. विमान बदलायचे म्हणजे जाणत्या वयात पुन्हा विद्यार्थी व्हायचे, वर्गात बसायचे आणि सिम्युलेटरवर कित्येक आठवडे परीक्षा द्यावयाच्या. शिवाय लहान विमानावर डाव्या आसनावर बसणारा कॅप्टन मोठ्या विमानावर पुष्कळदा उजव्या आसनापासून, म्हणजे सहवैमानिक म्हणून, नव्याने आरंभ करतो. आमच्या कचेरीच्या भाषेत सांगायचे, तर वेतनश्रेणी वाढली तरी ज्येष्ठतेच्या यादीत नाव खाली गेले.

विमानाप्रमाणे दिनक्रमही बदलतो. एटीआर हे पंख्याचे विमान. तासाभराच्या फेऱ्या, दिवसातून चार-पाच वेळा उतरणे, आखूड धावपट्टीची लहान गावे. ते पंचवीस हजार फुटांवर जात नाही, त्यामुळे पावसाळ्यातील ढगांशी त्याची गाठ अधिक पडते. कष्ट आहेत, परंतु रात्री बहुधा घरचे ताट मिळते. एअरबस ३२० सारख्या सुमारे १८० आसनांच्या जेट विमानावर पहाटे तीनला उठणे आले, मध्यरात्री परतणे आले आणि अधूनमधून परगावचे मुक्कामही आले. त्याहून मोठ्या विमानांची तऱ्हा आणखी निराळी. जानेवारी २०२१ मध्ये कॅप्टन झोया अगरवाल यांच्या नेतृत्वाखाली महिला वैमानिकांनी बोइंग ७७७ सान फ्रान्सिस्कोहून बंगळूरला विनाथांबा आणले. अंतर १३,००० किलोमीटरांहून अधिक. अशा उड्डाणावर चार वैमानिक आळीपाळीने निजतात. विमान उतरविण्याची पाळी इतकी क्वचित येते, की नव्वद दिवसांत तीनदा उतरविण्याचा नियम पाळण्यासाठी काहींना सिम्युलेटरचा आधार घ्यावा लागतो. घरी सलग सुट्टी मिळते खरी. पण त्यातील पहिले दोन दिवस शरीर परदेशच्याच घड्याळावर चालत असते.

मग मोठेपण विमानाच्या आकारात आहे काय? १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी कराचीहून मुंबईस टपाल आणले, ते एका इंजिनाच्या पस मॉथ विमानातून. १९८५ साली कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी केवळ महिला कर्मचारी असलेले उड्डाण कलकत्त्याहून सिलचरला नेले, ते फोकर फ्रेंडशिप या पंख्याच्याच विमानाने. आमच्या मते कौशल्य विमानाच्या लांबीरुंदीने मोजता येत नाही.

तथापि दुसरी बाजूही खरी आहे. वैमानिकाच्या शिक्षणाला लाखो रुपये लागतात. ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे, त्याला घरच्या ताटाचे कौतुक सांगणे सोपे नाही. कंपन्याही चिरंजीव नसतात. किंगफिशर २०१२ मध्ये, जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये आणि गो फर्स्ट मे २०२३ मध्ये थांबली. अशा वेळी, जे विमान अनेक कंपन्यांकडे आहे त्याचा अनुभव गाठीला असलेल्याला दुसरी नोकरी लवकर मिळू शकते. आणि तरुण, एकट्या जिवाने जग पाहू नये, असे कोण म्हणेल?

आता आमची गोष्ट. बढतीचा हुकूम आला, तेव्हा मुलीची दहावी जवळ आली होती. कुटुंब तिथेच ठेवून आम्ही एकटे दूर गेलो. तीन वर्षे राहिलो. त्या वाढलेल्या पगारातूनच तिचे पुढचे शिक्षण झाले, म्हणून तो निर्णय चुकला असे म्हणवत नाही. परंतु जाताना ती आम्हांला सगळे सांगत असे आणि परतलो तेव्हा विचारावे लागत असे. ही तूट कोणत्याही भत्त्याने भरून निघाली नाही.

भाच्याला आम्ही "घे" म्हटले नाही, "सोड" असेही म्हटले नाही. एवढेच सांगितले, की विमानाचे चित्र बाजूला ठेव आणि कॅलेंडर समोर घे. मुक्काम कोणत्या शहरी? महिन्यात किती रात्री घराबाहेर? यादीत नाव कितवे, आणि कॅप्टनपद किती वर्षांनी? कर्ज किती उरले? हे सारे भाचेसुनेसमोर मांड. कारण ज्या रात्री तू नसशील, त्या तिला काढायच्या आहेत.

दोघांनी चार दिवस हिशेब केला. कर्ज बरेचसे फिटले होते. मुलगी शाळेत रुळेपर्यंत एटीआरवरच राहावयाचे, असे ठरले. संधी पुन्हा येईल, याची हमी त्याला कोणी दिलेली नाही, हे तो जाणून आहे. त्याच्याबरोबरचे दोघे पुढे गेले. त्यांच्या निरोपसमारंभाहून परतताना तो गप्प होता, असे भाचेसून म्हणाली. निवड केली म्हणजे हुरहूर संपते, असे नाही.

मंडळींनो, आपण सारेच केव्हातरी हा तराजू हाती धरून या दूरच्या गावी आलो. आता आपली मुले तो हाती घेत आहेत. त्यांनी विचारले, तर केवळ आपल्या पगाराचा आकडा त्यांना सांगू नये; त्या आकड्यासाठी काय दिले, तेही सांगावे. मग निर्णय त्यांचा त्यांना करू द्यावा.